सहाव्या वर्षाची दाढ

दुधाचे दांत वीस असतात, व ते पडून त्यांच्या जागीं नवे दांत येतात, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु मूल सुमारें सहा वर्षांचें झालें म्हणजे दुधाच्या दाढांच्या मागें, वर दोन व खालीं दोन, अशा चार नव्या दाढा उगवतात. त्यांस जागा देण्यासाठीं एकहि दांत पडत नाहीं. म्हणून पुष्कळ आईबाप त्यांसहि दुधाच्याच दाढा समजतात, आणि त्या किडूं लागल्या तरी "पडावयाच्याच आहेत" असें म्हणून स्वस्थ बसतात. वाचकहो, ही दाढ जन्मभर पुरावयाची आहे; ती गेली तर तिच्या जागीं दुसरी येत नाहीं. ह्यास्तव तिचें रक्षण कसें करावें, ह्याचा विचार ह्या पाठांत करूं.

रोगाचें मूळ

दाढेंत किडा शिरून ती पोखरतो, असा समज खेड्यापाड्यांत आहे. भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे पाडून दाखविणारेहि भेटतात. हा समज प्राचीन काळीं अनेक देशांत होता. इ. स. १७२८ मध्यें फ्रान्समधील दंतवैद्य प्येर फोशार ह्यांनीं तो नाकारला, आणि १८९० मध्यें बर्लिन येथें काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर ह्यांनीं खऱ्या कारणाची मांडणी केली. दांतांवर जो बुळबुळीत थर जमतो, त्यांत डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जंतु राहतात. ते साखर आंबवून आम्ल तयार करितात. शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडून राहिला तर तिची चकाकी जाते. त्याचप्रमाणें हें आम्ल दांताच्या कठीण कवचांतील क्षार विरघळवितें.

आपली लाळ हें आम्ल हळूहळू धुऊन टाकिते व गेलेले क्षार थोडेबहुत परत आणून बसविते. पण ह्या कामास अर्धा तास किंवा त्याहूनहि अधिक वेळ लागतो. म्हणून किती गोड खाल्लें ह्याइतकेंच, किती वेळां खाल्लें ह्यासहि महत्त्व आहे. स्वीडनांतील विपेहोल्म येथें १९४५ ते १९५३ ह्या काळांत मनोदुर्बल रुग्णांवर, त्यांची संमति न घेतां, प्रयोग करण्यांत आले. ती रीत निंद्यच होय. तथापि जेवणाबरोबर घेतलेल्या साखरेपेक्षां मधल्या वेळीं चघळलेल्या चिकट मिठाईनें दांत फारच अधिक किडतात, हें त्यांतून दिसून आलें.

प्रतिबंध

१. गोड द्यावयाचें तें जेवणाबरोबर द्यावें. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडांत ठेवून बाळास निजवूं नये.

२. सकाळीं व रात्रीं निजण्यापूर्वीं ब्रशानें दांत घासावे. झोपेंत लाळ कमी सुटते, म्हणून रात्रीचें घासणें कधीं चुकवूं नये.

३. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी. ती थुंकावी, गिळूं नये. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील कांहीं गांवीं पाण्यांतच फ्लोराइड फार असतें. त्यानें दांतांवर डाग पडतात व हाडेंहि बिघडतात. तेथें पाणी तपासून घ्यावें. एका लिटरांत दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असलेलें पाणी पिऊं नये.

४. मूल सात-आठ वर्षांचें होईपर्यंत मोठ्या माणसानें त्याचे दांत घासून द्यावे. नवी दाढ प्रथम शेजारच्या दाढेहून बुटकी असते. म्हणून ब्रश आडवा धरून तिच्यापर्यंत पोहोंचवावा.

५. विटेची पूड व राखुंडी ह्यांनीं दांत झिजतात. मिश्री तर तंबाखूच होय. तिच्यामुळें तोंडाचा कर्करोग होण्याचें भय असतें.

उपचार

आरंभीं दाढेवर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. ह्या अवस्थेंत फ्लोराइडनें व खाण्याच्या नियमानें कीड थांबूं शकते. खड्डा पडल्यावर मात्र तो आपोआप भरत नाहीं. दंतवैद्याकडून भरून घ्यावा लागतो. सिल्व्हर डायमिन फ्लोराइड नांवाचें औषध यंत्रानें कोरल्यावांचून कीड थांबवूं शकतें, पण किडलेली जागा काळी पडते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें त्याचा आवश्यक औषधांच्या यादींत समावेश केला. दाढ निरोगी असतांनाच तिच्या खांचा एका लेपानें बुजवून घेतां येतात.

लवंगेच्या तेलानें ठणका घटकाभर शमतो, रोग जात नाहीं. ठणका आपोआप थांबला तर दाढ बरी झाली असें समजूं नये. पुष्कळदां आंतील शीर मेलेली असते व पू खालीं पसरत असतो. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा घांस गिळवेना, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. ह्यांत प्राणासहि धोका असतो.

आईबापहो, आज रात्रीं मुलास जवळ घेऊन बॅटरीच्या उजेडांत त्याचें तोंड पाहा. पुढील मधल्या दांतापासून मागें मोजीत जा. सहावी दाढ आली असेल, तर तीच ही. तिच्यावर डाग किंवा खड्डा दिसल्यास पुढील बाजाराच्या दिवसाची वाट न पाहतां दंतवैद्याकडे जा.