वाचनाची अरुचि आणि कादंबरीची निवड

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला कीं पुष्कळ विद्यार्थी एक संकल्प करतात : या सुट्टींत खूप वाचावयाचें. कपाटांतून एखादा जाडजूड ग्रंथ निघतो, त्याचीं पहिलीं वीस पानें वाचून होतात, आणि खूण म्हणून घातलेला कागद त्या विसाव्या पानांतच जून महिन्यापर्यंत राहतो. पालक म्हणतात, "मुलाला वाचनाची गोडीच नाहीं." मुलगाहि मनांत तसेंच समजूं लागतो. वस्तुतः हाच मुलगा चौथी-पांचवींत असतांना गोष्टीचें पुस्तक जेवतांनाहि हातांतून खालीं ठेवीत नव्हता. तेव्हां गोडी मुळांतच नव्हती असें म्हणतां येत नाहीं. ती मध्यंतरीं गेली आहे, आणि जी गेली ती परत आणतां येते. परंतु "मला वाचनाची आवड नाहीं" हें वाक्य मुलाच्या तोंडीं एकदां बसलें म्हणजे तें पुढें जन्मभर तेथेंच राहण्याचा संभव फार. म्हणून या गोष्टीचा विचार वेळींच केला पाहिजे. प्रस्तुत लेखांत तो विशेषतः कादंबऱ्यांना धरून करावयाचा आहे.

तापांतून उठलेल्या माणसाच्या तोंडाला चव नसते. अशा वेळीं घरांतील आजी त्याच्यापुढें पुरणपोळी ठेवीत नाहीं. मऊ भात, मेतकूट आणि लिंबाच्या लोणच्याची फोड एवढेंच ठेवते. वाचनाच्या अरुचीचीहि तीच तऱ्हा आहे. दहा महिने मुलानें जें वाचलें तें गुणांसाठीं. प्रत्येक परिच्छेदावर कोणता प्रश्न येईल, हें शोधीत शोधीत त्याच्या डोळ्यांना एक वळण लागलेलें असतें. कादंबरी हातीं आली तरी डोळे तेंच करूं पाहतात, आणि शोधण्यासारखें उत्तर तेथें नसल्यामुळें लवकर कंटाळतात. त्यांत हल्लीं मोबाइलची भर पडली आहे. दर अर्ध्या मिनिटास नवें चित्र पाहण्याची संवय झालेल्या मनाला एकाच माणसाच्या मागें शंभर पानें चालणें कठीण वाटतें, यांत नवल नाहीं. तथापि माझ्या मतें सर्वांत मोठें कारण याहून निराळें आहे. अरुचीच्या दिवसांत आपण पुस्तक निवडतों तें प्रतिष्ठेकडे पाहून, स्वतःच्या भुकेकडे पाहून निवडीत नाहीं.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांत तर हा मोह अधिकच. 'मृत्युंजय' (१९६७) लिहिणारे शिवाजी सावंत आजऱ्याचे, शिवाय कांहीं वर्षें कोल्हापुरांत शिक्षक होते. 'स्वामी' (१९६२) आणि 'श्रीमान योगी' (१९६८) लिहिणारे रणजित देसाई चंदगड तालुक्यांतील कोवाडचे. घरोघरीं या ग्रंथांचा अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. पण ज्या मुलानें वर्षभरांत अवांतर एक पान वाचलेलें नाहीं, त्याच्या हातीं प्रथम 'श्रीमान योगी'चा तो भला थोरला ग्रंथ देणें म्हणजे तालमींत पहिल्याच दिवशीं आलेल्या पोराला हिंदकेसरीशीं लढावयास लावण्यासारखें आहे. पोरगा पडतो, आणि कुस्ती आपल्यासाठीं नाहीं असें ठरवून घरीं बसतो.

अशा विद्यार्थ्यास मी प्रथम व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' देतों. ही कादंबरी १९५५ सालीं पुस्तकरूपानें निघाली. ती दोन-तीन बैठकींत संपते, आणि अरुचीच्या काळांत हा लहानसहान गुण नव्हे. औंध संस्थानांतील धनगरांच्या एका वाडीवर एक तरुण मास्तर नेमणूक घेऊन येतो. वाडीला शाळा आहे, पण शाळेला मुलें नाहींत. ज्या घरांत मेंढरांमागें जावयास माणूस हवा, त्या घराला पाटी-पेन्सिलीचें काय कौतुक? मास्तर लोकांचीं कागदपत्रें वाचून देतो, त्यांच्या पैशाअडक्याचीं कामें करतो, त्यांचीं भांडणें ऐकतो, आणि हळूहळू शाळा भरूं लागते. म्हातारा कारभारी, आयबू, आनंदा रामोशी हीं माणसें आपल्याला भेटतात तीं रस्त्यावर ओळखीचीं माणसें भेटावीं तशीं. सारी वाडी मिळून एक तालीम बांधते. पुढें दुष्काळ येतो. त्यापुढचें मी सांगणार नाहीं. वाक्यें इतकीं साधीं आहेत कीं शब्दकोशाची गरज पडत नाहीं, आणि धनगरी बोली तर आपल्याकडील मुलांना पुस्तकी मराठीहून जवळची. एका नववींतल्या मुलानें हें पुस्तक परत करतांना मला विचारलें, "सर, ते मास्तर पुढें कुठें गेले असतील?" हा प्रश्न कोणत्याहि प्रश्नपत्रिकेंत येणारा नव्हता. त्या मुलाला दुसरें पुस्तक काढून देतांना मीं कपाटापाशीं फार वेळ घालविला नाहीं.

ज्यांना डोंगरांची आवड आहे त्यांनीं 'बनगरवाडी'नंतर गो. नी. दांडेकर यांची 'माचीवरला बुधा' घ्यावी. मुंबई सोडून राजमाचीवर एकटा राहावयास गेलेल्या म्हाताऱ्याची ती गोष्ट आहे. तिच्यांत घडामोडी फारशा नाहींत, म्हणून ती पहिल्यानेंच देऊं नये. शाळकरी मुलांचेंच जग हवें असेल तर प्रकाश नारायण संत यांचें 'वनवास' (१९९४) आहे. त्यांतील लंपनच्या गोष्टी सुट्या सुट्या वाचतां येतात, आणि सर्व वाचल्यावर एकाच कादंबरीचा आनंद होतो.

जवळचा प्रदेश, ओळखीची बोली यांनीं अर्धी वाट सोपी होते, हें लक्षांत ठेवावें. कागलचे आनंद यादव यांची 'झोंबी' १९८७ सालीं आली आणि १९९० सालीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. झोंबी म्हणजे काय, हें कोल्हापूरकरांस सांगावयास नकोच. शिकण्याची इच्छा असलेला मुलगा आणि त्याला शेतावर राबवूं पाहणारा बाप यांच्यामधील ही ओढाताण लेखकाच्या स्वतःच्या आयुष्यांतली आहे. पुस्तक जाड आहे. तरी ज्या मुलाला सकाळीं धारा काढून, वैरण टाकून शाळेला यावें लागतें, त्याला त्याची जाडी जाणवत नाहीं असा माझा अनुभव आहे. ही कादंबरी पालकांनींहि वाचावी. पन्हाळा तालुक्यांतील कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण' या कादंबरीस २०२३ सालचा अकादमी पुरस्कार मिळाला. धरणामुळें उठून जावें लागलेल्या लोकांची ती कथा आहे. परंतु तिच्यांत बोलीचा गुंफा दाट आहे. गोडी परत आल्यावर ती वाचली तर अधिक फळेल.

येथें कित्येक पालक विचारतील कीं मुलांनीं कादंबऱ्या वाचाव्याच कां? हा प्रश्न मराठी कादंबरीइतकाच जुना आहे. बाणभट्टाच्या संस्कृत कथेच्या नांवावरून आपण या प्रकारास 'कादंबरी' म्हणूं लागलों. 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) अशा आरंभींच्या पुस्तकांत अद्भुताचा एवढा भरणा होता कीं गंभीर मंडळींनीं नाकें मुरडावीं. त्यांच्याहि आधीं, १८५७ सालीं, बेळगांवांत जन्मलेले बाबा पदमनजी यांनीं 'यमुनापर्यटन' लिहून विधवांच्या हालांकडे समाजाचें लक्ष वेधलें. हे ग्रंथकार आमच्या ख्रिस्ती समाजांतले, आणि पुस्तकाचें ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद. तरी सत्य हेंच कीं उपदेश त्यांत पुढें चालतो आणि गोष्ट मागून येते. अभ्यासकानें तें अवश्य वाचावें; अरुचीवर तें औषध नव्हे.

या दोन वाटा एकत्र आणल्या हरि नारायण आपटे यांनीं. १८९० सालीं त्यांनीं जें साप्ताहिक काढलें त्याचें नांवच 'करमणूक'. त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही कादंबरी त्यांतच क्रमशः येत गेली. तिची नायिकाहि एक यमुनाच, परंतु येथें ती स्वतःची कहाणी स्वतः सांगते : लहानपणचीं भावाबरोबरचीं भांडणें, सासरचीं माणसें, पुढें ओढवलेलें वैधव्य. ती आपल्याशीं बोलते आहे असें वाटत राहतें, आणि उपदेश वेगळा करावा लागतच नाहीं. भाषा जुनी आहे म्हणून आजचा विद्यार्थी बिचकतो. त्याला माझी सूचना अशी कीं पहिल्या वाचकांनीं ती जशी वाचली तशीच वाचावी. त्यांना आठवड्यास एक भाग मिळे आणि पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. आपणहि एका दिवशीं एकच प्रकरण वाचून पुस्तक मिटावें, मन पुढें धावत असलें तरी मिटावें. भूक थोडी राखून उठण्यानें दुसऱ्या दिवशींचें जेवण गोड लागतें.

रहस्यकथा व साहसकथा यांना मात्र पुष्कळ घरांत अजून मज्जाव असतो. बाबुराव अर्नाळकरांनीं हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या 'झुंजार'साठीं आणि 'काळा पहाड'साठीं एके काळीं वाचक रांगा लावीत असत, आणि त्यांतले कितीतरी पुढें मोठमोठ्या ग्रंथांचे वाचक झाले. 'वीरधवल'चे कर्ते नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८), तारुण्यांत शिकारीच्या वेळीं कड्यावरून पडून अधू झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनीं वाचनाचा आधार घेतला, आणि त्या वाचनांतूनच ते लेखक झाले. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे तर सर्वांना ठाऊक आहे. त्यांनीं मराठींत आणलेल्या जूल व्हर्नच्या कथाहि तितक्याच उत्कंठा वाढविणाऱ्या आहेत. दहावींतल्या मुलानें पुन्हां फास्टर फेणे काढला तर "अजून लहान मुलांचीं पुस्तकें?" असें कोणी म्हणूं नये. पूर्वीं आवडलेलें पुस्तक दुसऱ्यांदा वाचणें हा अरुचीवर बहुधा सर्वांत बिनधोक उपाय आहे. त्यांत निराश होण्याचें भय नसतें.

पुन्हां वाचण्यास 'श्यामची आई' विशेष योग्य. साने गुरुजींनीं ती नाशिकच्या तुरुंगांत ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पांच दिवसांत लिहून काढली. १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली. तिच्या प्रकरणांना 'रात्र' म्हटलें आहे, आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. प्रत्येक रात्र स्वतंत्र व एका बैठकीची. जेवणें झाल्यावर घरांतील एकानें एक रात्र मोठ्यानें वाचावी आणि इतरांनीं ऐकावी, यासारखा सुट्टीचा कार्यक्रम मला तरी दुसरा माहीत नाहीं. आपल्या आजा-पणजांच्या घरांत 'पांडवप्रताप' आणि 'हरिविजय' असेच मोठ्यानें वाचले जात, आणि निरक्षर माणसांनाहि त्यांतील कथा मुखोद्गत असत. डोळे ज्याला कंटाळले आहेत त्याला कान पुष्कळदां परत आणतात. लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ही कादंबरी नव्हे, पण मोठ्यानें वाचावयास तीं कोणत्याहि कादंबरीस हार जाणार नाहींत. रेव्हरंड टिळकांच्या विसराळू व लहरी स्वभावाचे प्रसंग ऐकतांना आमच्या घरांत वाचणाऱ्यास हंसूं आवरत नाहीं आणि वाचन थांबवावें लागतें.

याच ओघांत वि. स. खांडेकरांचें नांव येईल अशी वाचकांची अपेक्षा असणार. शिरोड्याची शाळा सोडून ते १९३८ सालीं कोल्हापुरास आले ते १९७६ सालीं मृत्यु येईपर्यंत इथलेच झाले, ना. सी. फडके त्या वेळीं येथेंच राजाराम कॉलेजांत शिकवीत असत, आणि दोघांपैकीं मोठा कोण यावर वाद घालणारीं घरें कोल्हापुरांत पुष्कळ होतीं. 'ययाति'ला (१९५९) पुढें १९७४ सालचें ज्ञानपीठ मिळालें. तथापि खांडेकरांची शैली अलंकारांनीं भरलेली आहे, आणि थकलेलें मन प्रत्येक उपमेपाशीं अडखळतें. त्यांच्या छोट्या रूपककथांपासून आरंभ करावा, आणि 'ययाति' कॉलेजच्या दिवसांसाठीं राखून ठेवावी.

निवडण्याविषयीं दोन शब्द. पुस्तक घरीं आणण्यापूर्वीं ग्रंथालयांतच उभ्याउभ्या त्याचीं तीन पानें वाचावींत; चौथें पान उलटण्याची इच्छा झाली तर पुस्तक न्यावें. घरीं आणल्यावर तीस पानें होऊनहि मन लागलें नाहीं, तर तें परत करावें, आणि त्याची लाज वाटूं देऊं नये. तें पुस्तक वाईट ठरलें नाहीं आणि वाचणाराहि मंद ठरला नाहीं. पांच वर्षांनीं दोघांची पुन्हां गांठ पडूं शकते. पालकांनीं एवढेंच करावें कीं परत केलेल्या पुस्तकाचा हिशेब मागूं नये, आणि वाचून झालेल्या पुस्तकाचें तात्पर्य विचारूं नये. तात्पर्य विचारलें कीं परीक्षा पुन्हां सुरू झाली.

आपल्या गांवांत १८५० सालीं स्थापन झालेलें करवीर नगर वाचन मंदिर आहे, आणि शाळेचें कपाट तर हाताशींच आहे. तेथें गेल्यावर "एखादी चांगली कादंबरी द्या" असें म्हणूं नये. त्यावर देणाराहि बिचारा प्रसिद्ध नांवाचें जाड पुस्तकच काढून देतो. त्याऐवजीं आपण शेवटीं कोणतें पुस्तक मनापासून वाचलें होतें तें सांगावें, मग तें चौथींत वाचलेलें कां असेना, आणि त्यांतलें काय आवडलें होतें तेंहि सांगावें : चोर कसा सांपडला तें, कीं किल्ला, कीं आजीचें बोलणें. एवढ्या धाग्यावरून ग्रंथपालाला पुढचें पुस्तक बहुधा सांपडतें.