एग बेटाची वीज
(प्रौढ वर्ग व मोठ्या मुलांच्या वर्गासाठी अभ्यास)

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, स्काय बेटाच्या दक्षिणेस, एग नावाचे लहानसे बेट आहे. शिक्षकांनी नकाशावर ते वर्गाला दाखवावे. तेथील वस्ती जेमतेम शंभराच्या आसपास. मुख्य भूमीवरील विजेच्या तारा तेथवर कधीच पोहोचल्या नाहीत. ज्याला दिवा हवा त्याने बोटीने डिझेल आणून आपले जनरेटर चालवावे, असाच क्रम होता. ज्याच्या गाठीला पैसा त्याच्या घरी उजेड.

पूर्वी हे बेट एकेका जमीनदाराच्या मालकीचे असे. १९९७ साली रहिवाशांनी देणग्या जमवून, स्थानिक कौन्सिल व एका निसर्गरक्षक संस्थेला सोबत घेऊन, ते विकत घेतले. मग विजेचा प्रश्नही त्यांनी आपणच हाती धरला. १ फेब्रुवारी २००८ रोजी बेटाच्या स्वतःच्या कंपनीची वीज सुरू झाली. खर्च सुमारे १६ लाख पौंड आला. त्यातील मोठा भाग बाहेरच्या अनुदानांतून मिळाला, हेही सांगितले पाहिजे. परंतु कारभार व देखभाल बेटावरच्या लोकांकडेच आहे.

ही वीज तीन ठिकाणांहून येते: ओढ्याचे पाणी, वारा आणि ऊन. हिवाळ्यात पाऊस व वारा भरपूर. उन्हाळ्यात ओढे आटतात तेव्हा ऊन मदतीला येते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. जादा वीज बॅटऱ्यांत साठवतात, आणि अगदीच अडले तर डिझेल जनरेटर आहेतच.

आता मुख्य मुद्दा पाहू. ओढा मोठा नाही आणि वारा कोणाच्या हुकमात नाही. म्हणून रहिवाशांनी एक नियम केला: कोणत्याही घराने एका वेळी ५ किलोवॉटहून अधिक वीज घ्यायची नाही, धंद्यासाठी मर्यादा १० किलोवॉट. ५ किलोवॉट म्हणजे २ किलोवॉटच्या दोन शेगड्या व वर काही दिवे. दिवसभरात वीज किती वापरली याला हा नियम नाही. एकदम किती ओढली याला आहे. मर्यादा ओलांडली की त्या घराचा पुरवठा बंद पडतो. श्रीमंत घराला वेगळा नियम नाही.

२०१० च्या उन्हाळ्यात पाऊस फार कमी झाला, तेव्हा सर्वांना वापर आणखी आवरता घेण्यास सांगण्यात आले. याउलट वारा-पाणी मुबलक असते तेव्हा उरलेली वीज वाया जात नाही. तिच्यावर गावाचा सभागृह आणि बेटावरील उपासनामंदिरे उबदार ठेवली जातात. वाट्याला मर्यादा घातली म्हणून सर्वांना पुरले, आणि उरले तेही सर्वांच्याच कामी आले.

यंत्रे पैशाने आणता येतात. आपल्या घरावर मर्यादा घालून घेण्यास मात्र शेजाऱ्याचा विचार लागतो, आणि या योजनेचा खरा आधार तोच आहे.

चर्चेसाठी प्रश्न
१. मर्यादा सर्वांना सारखी नसती तर काय झाले असते?
२. नियम बाहेरच्या अधिकाऱ्याने लादला असता, तर लोकांनी तो असाच पाळला असता काय?
३. आपल्या गल्लीत नळाला पंप लावून कोणी पाणी ओढले, तर शेवटच्या घराचे काय होते? त्यावर आपण मिळून कोणता नियम करू शकतो?