बाळ घरी येणार नाही, हे थोरल्यांना सांगताना

पोट दिसायला लागलं की घरातली थोरली मुलं नावं शोधायला लागतात. म्हणून बाळ दत्तक द्यायचं ठरलं असेल तर ते सांगायचं बाळंतपणाआधी, साधारण सातव्या महिन्यात. सांगायचं आईनेच, मावशीवर किंवा आजीवर ढकलू नये. नवरा असेल तर त्यानेही शेजारी बसावं. नवरा-बायकोचं बाळ असेल तर बालकल्याण समितीपुढे दोघांच्याही सह्या लागतात, मग मुलांपुढेच एकटी आई का?

‘बाळ देवाघरी गेलं’ हे सांगणं सगळ्यांत सोपं वाटतं. समुपदेशनाच्या कामात मी सगळ्यांत जास्त वेळा हेच खोटं निस्तरलंय. कोण बाळंत झालं, बाळ कसं होतं, हे वस्तीत लपत नाही; नळावर कुणीतरी बोलतंच. मग मुलाला एकाच दिवशी दोन गोष्टी कळतात: बाळ जिवंत आहे, आणि आई खोटं बोलते.

बोलायला बसण्याआधी घरातली भाषा झाडून घ्या. ‘तुला बोहारणीकडून जुन्या कपड्यांवर घेतलंय’, ‘ऐकलं नाहीस तर देऊन टाकीन’ ही आपली पिढीजात गंमत आजपासून बंद. ‘देऊन टाकलं’ हा शब्दही बंद. जुने कपडे देऊन टाकतात. बाळ दत्तक देतात.

हातात काहीतरी काम असू द्या. शेंगा सोलताना मुलांना आईच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे ती जास्त बोलतात. वाक्यं चार-पाचच हवीत: “तू माझ्याजवळच राहणार आहेस, हे आधी ऐक. पोटातल्या बाळाला रात्रंदिवस जवळ माणूस लागेल. बाबा नाहीत, मी सहाला कामावर निघते, मला ते जमणार नाही. म्हणून त्याला दुसरे आई-बाबा मिळणार आहेत.” मग गप्प बसा. मूल खेळायला पळालं तरी हाक मारू नका. प्रश्न रात्री अंथरुणात येतो, आणि तो बहुतेक वेळा एकच असतो: “मग मला कधी देणार?” उत्तर दर वेळी त्याच शब्दांत द्या. दहाव्यांदा विचारलं तरी वैतागू नका.

‘पैसे नाहीत म्हणून’ हे कारण खरं असलं तरी तेवढंच सांगू नका. एका घरात आईने तसं सांगितलं आणि नऊ वर्षांच्या मुलीने वही मागणं सोडलं. जुन्या वहीच्या समासात ती गणितं सोडवत होती. आपला खर्च वाढला तर पुढचा नंबर आपला, असा तिचा हिशेब. पुढे मुलगी जन्मली तर थोरलीला आणखी एक शंका येते. ती तिने विचारायची वाट न बघता ‘मुलगा असता तरी हेच केलं असतं’ असं सांगा. अर्थात, ते खरं असेल तरच.

बाळ कुठे जाणार, हेही सांगायला हवं. समितीपुढे कागद होतात, बाळ शिशुगृहात राहतं, तिथून नोंदणी केलेल्या पालकांकडे जातं. ते पालक कोण, हे आपल्याला कळत नाही आणि आपण भेटायला जाऊ शकत नाही. ‘सुट्टीत जाऊ हं’ असं चुकूनही म्हणू नका. अठरा वर्षांचं झाल्यावर आपलं मूळ शोधण्यासाठी ते स्वतः अर्ज करू शकतं, एवढं सांगा. पण ते येईलच असं वचन देऊ नका.

इथे माझी एक चूक सांगते. बाळ सोपवल्यावर आई-वडिलांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. हे एका मुलीला सांगावं, असं मीच तिच्या आईला सुचवलं होतं. मुलीने कालनिर्णयवर रोज फुली मारायला सुरुवात केली. शेवटच्या फुलीच्या दिवशी ती शाळेत गेली नाही, दारात बसून राहिली. आता मी सांगते, ही मुदत मोठ्यांच्या विचारासाठी आहे, ती मुलांच्या हातात देऊ नका. ‘तुला काय वाटतं, ठेवू या का?’ हेही विचारू नका. निर्णयाचं ओझं त्यांचं नाही.

मुलाला बाळ बघायचं असेल तर दवाखान्यात बघू द्या, मांडीवर घेऊ द्या. नको म्हणालं तर आग्रह नको. टोपडं द्यायचं असेल तर ते बाळासोबत ठेवता येईल का, हे शिशुगृहात विचारा. बाळाचा फोटो स्टेटसला मात्र कुणीच टाकायचा नाही. त्याची ओळख उघड करायला कायद्याने मनाई आहे. घरी आल्यावर अंगावर दूध येतं, आई रडते. ‘बाळाची आठवण येते म्हणून रडते, तुझं काही चुकलं नाही’ हे तेव्हाच सांगावं.

बाहेरच्यांसाठी मुलाला एक वाक्य पाठ करून द्या: “आमचं बाळ दत्तक दिलंय, बाकीचं आईला विचारा.” ‘विकलं’ असं कुणी म्हणालं तर घरी येऊन सांगायचं, भांडायचं नाही. बाळाचे पैसे घेणं हा गुन्हा आहे आणि आपण तसं केलेलं नाही, हे थोरल्याला आधीच माहीत हवं. वर्गशिक्षकांनाही बाळ दत्तक दिलंय एवढंच कळवा.

महिना-दोन महिन्यांनी घर शांत होतं आणि मोठ्यांना वाटतं, पोरं विसरली. मग भाऊबीज येते. समोर दोन पाट मांडलेले असतात आणि थोरली विचारते, तिसरा मांडू का? मांडू द्या.