आईची ऊब हाच उपचार

कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील माता-बाल रुग्णालयात १९७८ साली काचपेट्या अपुऱ्या होत्या. एकाच पेटीत अनेक अर्भके ठेवावी लागत व जंतुसंसर्ग फैलावे. तेव्हा राष्ट्रीय विद्यापीठातील बालरोगशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी अपुऱ्या दिवसांचे बाळ आईच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्याचा उपाय योजिला. हीच ‘कांगारू मातृसेवा’ होय.

बाळाची मान किंचित वर, श्वासमार्ग मोकळा, डोक्यावर टोपी, हे आईला परिचारिकेनेच शिकवावयाचे असते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतील अभ्यासात, जन्मताच ही सेवा सुरू केल्याने कमी वजनाच्या बालकांचे मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. म्हणूनच नवजात कक्षात आईला पाहुणी नव्हे, सहकारी मानले पाहिजे.