मत की मौन?

निवडणुका जवळ आल्या की गावाच्या पारावर, चाळीच्या गॅलरीत आणि एसटीच्या गाडीत एक उद्गार हमखास कानी पडतो : "कोणीही निवडून आला तरी आम्हांला काय त्याचे? उभ्या राहिलेल्यांपैकी एकही आमच्या पसंतीचा नाही. मग मत द्यायला जायचे तरी कशाला?" असे बोलणारी माणसे आळशीच असतात, असे मात्र समजू नका. पुष्कळदा ती विचारी असतात. त्यांनी दिलेली वचने आठवलेली असतात आणि मोडलेली वचनेही पाहिलेली असतात. तेव्हा त्यांच्या प्रश्नाकडे हसून दुर्लक्ष करणे योग्य नव्हे. त्याचा नीट विचार केला पाहिजे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. मताचा हा अधिकार आपल्याकडे पूर्वापार चालत आलेला नाही. इंग्रजी अमदानीत जमीनजुमला असलेल्या, विशिष्ट कर भरणाऱ्या किंवा ठरावीक शिक्षण घेतलेल्या थोड्या लोकांनाच मत देता येई. मजूर, कूळ, गरीब स्त्री यांना कोण विचारणार? प्रत्येक प्रौढ माणसाला मताचा अधिकार असावा, अशी मागणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे मांडली होती. स्वतंत्र भारताच्या संविधानाने ती साकार केली. १९५१-५२ साली पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा १७ कोटींहून अधिक मतदारांची नावे यादीत होती. त्यांतील बहुसंख्यांना अक्षरओळख नव्हती. म्हणून उमेदवारांना चित्रांची चिन्हे देण्यात आली. श्रीमंताचे मत आणि भूमिहीनाचे मत त्या दिवशी प्रथमच सारख्या मोलाचे ठरले.

आता हा अधिकार न वापरल्यास काय होते, ते पाहू. समजा, एका गावात १०० मतदार आहेत आणि तीन उमेदवार उभे आहेत. ४० मतदार रुसून घरीच बसले. उरलेल्या ६० जणांपैकी पहिल्या उमेदवाराला २५, दुसऱ्याला २० आणि तिसऱ्याला १५ मते पडली. पहिला उमेदवार निवडून आला. म्हणजे २५ जणांनी १०० जणांचा कारभारी ठरवला! घरी बसलेल्या ४० जणांनी निवड टाळली असे त्यांना वाटले. पण निवड टळली नाही. ती इतरांच्या हाती गेली, एवढेच. पुढे गावचा रस्ता होवो अथवा न होवो, शाळेला खोली मिळो अथवा न मिळो, त्याचे सुखदुःख मात्र त्या ४० जणांनाही भोगावेच लागते.

शिवाय घरी बसणाऱ्याच्या मनातील राग मोजणार कोण? त्या ४० जणांत कोणी आजारी असेल, कोणी परगावी गेला असेल, कोणी सुट्टी मिळाली म्हणून निजला असेल, तर कोणी खरोखरच खिन्न होऊन घरी राहिला असेल. मतमोजणीच्या कागदावर या सर्वांची नोंद एकच : मत दिले नाही. 'मौन म्हणजे संमती' अशी आपल्याकडे म्हण आहे. रागाने धरलेले मौनही परक्याला संमतीसारखेच दिसते.

"माझ्या एका मताने काय होणार?" असेही कोणी विचारतो. कर्नाटक राज्यातील संतेमरहळ्ळी मतदारसंघात २००४ साली विधानसभेच्या निवडणुकीचा निकाल अवघ्या एका मताने लागला. राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघातही २००८ साली एका मताच्याच फरकाने निकाल जाहीर झाला. असे क्वचितच घडते, हे खरे. पण ज्या दिवशी घडते, त्या दिवशी घरी बसलेल्या प्रत्येकाला आपले मत आठवल्याशिवाय राहत नाही.

मग नावडत्या उमेदवारांतून निवड कशी करावी? येथे 'दगडापेक्षा वीट मऊ' ही म्हण उपयोगी पडते. मत देणे म्हणजे एखाद्याची भक्ती करणे नव्हे, की त्याच्या सर्व कृत्यांना मान तुकवणे नव्हे. आपले सार्वजनिक काम ठरावीक मुदतीसाठी कोणावर सोपवावे, एवढेच मतदार ठरवत असतो. विधानसभेच्या आणि लोकसभेच्या प्रत्येक उमेदवाराला आपली मालमत्ता, आपले शिक्षण आणि आपल्यावरील फौजदारी खटले यांची माहिती शपथपत्रावर द्यावी लागते. ती कोणालाही वाचता येते. बारकाईने पाहिल्यास सारे उमेदवार सारखेच वाईट क्वचित आढळतात. एकाने पाण्याचा प्रश्न तरी मांडलेला असतो, दुसऱ्याचा हात तरी स्वच्छ असतो. दुरून सर्व डोंगर सारखे दिसतात. जवळ गेल्यावर चढ-उतार कळतो.

पण पुरता विचार करूनही एखाद्याला सर्वच उमेदवार अयोग्य वाटले, तर? अशा मतदाराचीही सोय असावयास हवी. पूर्वी नियम असा होता की, त्याने मतदान केंद्रावर जाऊन नोंदवहीत सही करावी आणि मग आपल्याला मत द्यावयाचे नाही, असे अधिकाऱ्यास सांगावे. अधिकारी तसा शेरा लिहून त्यावर त्याची सही किंवा अंगठा घेत असे. पण यात एक मोठा दोष होता. केंद्रावर उमेदवारांचे प्रतिनिधी बसलेले असत. अमक्याने कोणालाच मत दिले नाही, हे त्यांना तत्काळ कळे. ज्या शेतमजुराला उद्या त्यांच्याच शेतावर कामाला जायचे, तो असे धाडस कसे करणार? इतरांचे मत गुप्त राही. नकार देणाऱ्याचा नकार मात्र उघड होई.

हा अन्याय एका याचिकेद्वारे सर्वोच्च न्यायालयापुढे मांडण्यात आला. २७ सप्टेंबर २०१३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, नकार देणाऱ्या मतदारालाही गुप्ततेचा तितकाच हक्क आहे. त्याच वर्षी पाच राज्यांच्या विधानसभा निवडणुकांत मतदान यंत्रावर, सर्व उमेदवारांच्या नावांखाली, एक नवे बटण आले. 'वरीलपैकी कोणीही नाही' असा त्याचा अर्थ. लोक त्याला 'नोटा' म्हणतात. आता नाराज मतदारही इतरांबरोबर रांगेत उभा राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि आपला नकार गुप्तपणे नोंदवतो. तो नकार मोजला जातो आणि निकालपत्रात छापलाही जातो.

या बटणाची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. २०२४ साली इंदूर लोकसभा मतदारसंघात एका मोठ्या पक्षाच्या उमेदवाराने आपला अर्ज मागे घेतला. तेथे २ लाख १८ हजारांहून अधिक मतदारांनी 'कोणीही नाही' असा कौल दिला. तरीही उमेदवारांमध्ये ज्याला सर्वाधिक मते होती, तोच निवडून आला. लोकसभेच्या व विधानसभेच्या निवडणुकीत नकाराची मते निकाल बदलत नाहीत. महाराष्ट्र राज्य निवडणूक आयोगाने २०१८ साली एक पाऊल पुढे टाकले. शहरांच्या स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत नकारालाच सर्वाधिक मते पडली, तर कोणालाही विजयी घोषित न करता नव्याने निवडणूक घ्यावी, असा आदेश आयोगाने काढला.

काही गावे पाणी किंवा रस्ता मिळावा म्हणून मतदानावर बहिष्कार टाकतात. हे मौन आळसाचे नसते. त्यामागे मोठे दुःख असते आणि कधी कधी त्यामुळे अधिकाऱ्यांना जागही येते. परंतु त्या मतदारसंघाचा प्रतिनिधी इतर गावांच्या मतांवर निवडून येतोच. त्याला निवडण्यात आपला काहीच वाटा नसल्यामुळे त्याला जाब विचारताना मात्र त्या गावाचा आवाज थोडा क्षीण होतो.

मतदान न करण्याचेही स्वातंत्र्य असावे, असे मानणारे लोक आहेत. आपल्या देशात मतदान न केल्यास दंड होत नाही. ऑस्ट्रेलियाने १९२४ साली कायदा करून मतदान सक्तीचे केले; आपण हे काम नागरिकाच्या विवेकावर सोडले आहे. जेथे सक्ती नसते, तेथे विवेकाची कसोटी अधिक कडक असते.

आणि चांगले उमेदवार मतदानाच्या दिवशी आकाशातून पडत नाहीत, हेही विसरून चालणार नाही. ग्रामसभेला जाणे, हिशेब विचारणे, प्रामाणिक माणसाला उभे राहण्यास बळ देणे, ही कामे दोन निवडणुकांच्या मधल्या काळातील आहेत. शेतात पेरणी न करता सुगीच्या दिवशी विळा घेऊन जाणाऱ्याला रिकाम्या हातानेच परतावे लागते.

मुलांनो, वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावर तुमचीही नावे मतदारयादीत येतील. मराठीत 'मत' या शब्दाचे दोन अर्थ आहेत : एक विचार आणि दुसरा कौल. आधी विचार करावा आणि मग कौल द्यावा, हा क्रम तुम्ही आजपासूनच अंगी बाणवू शकता. उमेदवार पसंत असो वा नसो, केंद्रावर जाऊन आपला होकार किंवा नकार नोंदवणे, हेच स्वतंत्र देशाच्या नागरिकाला शोभते.

अभ्यास

१. गावातील ४० मतदार घरी बसल्यामुळे काय घडले, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. २०१३ पूर्वीच्या पद्धतीत कोणता दोष होता? शेतमजुराच्या उदाहरणावरून स्पष्ट करा.
३. 'नोटा'चा उपयोग कोणता व त्याची मर्यादा कोणती?
४. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : मान तुकवणे, जाब विचारणे, अंगी बाणवणे.
५. 'मत' या शब्दाप्रमाणे दोन अर्थ असलेले पाच शब्द शोधून लिहा.
६. 'मतदान सक्तीचे असावे काय?' या विषयावर वर्गात दोन्ही बाजूंनी चर्चा करा.