कोंबडीचे नत्र आणि दोन देशांचा हिशेब

सकाळी खुलताबादच्या एखाद्या गल्लीतून चाललात, तर उकिरडा उकरणाऱ्या कोंबड्या हमखास भेटतील. त्यांची विष्ठा जरा निरखून पाहा. नाक दाबून पाहिलीत तरी चालेल! काळपट गोळ्यावर एक पांढरी टोपी दिसेल. ही टोपी म्हणजे यूरिक आम्ल. आपण शरीरातले नको असलेले नत्र, म्हणजेच नायट्रोजन, युरियाच्या रूपाने पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो. पक्षी पाणी वाचवतात आणि तेच नत्र यूरिक आम्लाच्या रूपाने टाकतात. १६८ ग्रॅम यूरिक आम्लात ५६ ग्रॅम नत्र असते, म्हणजे बरोबर तिसरा हिस्सा.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना देशोदेशींची जी आकडेवारी प्रसिद्ध करते, तीत एक रकाना आहे: अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या विष्ठेतून कुरणावर पडलेले नत्र. भारत आणि ब्रिटन यांचे आकडे शेजारी मांडले, की कोण पुढे आणि कोण मागे हे सांगण्याचा मोह होतो. पण कोंबड्यांच्या मागे तराजू घेऊन कोणी फिरलेले नाही. ना इथे, ना तिथे. हा आकडा गुणाकाराने काढलेला असतो. कोंबड्यांची संख्या, एका कोंबडीचे वर्षाचे नत्र आणि त्यातला कुरणावर पडणारा हिस्सा, असे तीन गुणक.

मधला गुणक आपणच काढून पाहू. पिंजऱ्यातली अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. त्यात १७ टक्के प्रथिने धरली तर १८.७ ग्रॅम झाली. प्रथिनात १६ टक्के नत्र असते. म्हणजे पोटात गेले ३ ग्रॅम नत्र. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने, म्हणजे १ ग्रॅम नत्र. उरलेले २ ग्रॅम विष्ठेत. वर्षाचे झाले ७३० ग्रॅम.

आता तक्त्यांची रीत पाहा. हवामानबदलावरील आंतरशासकीय समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत आशियातील अशा कोंबड्यांसाठी दर १००० किलो वजनामागे रोज ०.८२ किलो नत्र धरले आहे. पश्चिम युरोपासाठी ०.९६ किलो. कोंबडी १.८ किलोची धरली, तर आपली वर्षाला ५३९ ग्रॅम नत्र टाकते आणि युरोपातली ६३१ ग्रॅम. आपले ७३० कुठे गेले? आपण भरपूर खाणारी, जवळजवळ रोज अंडे देणारी कोंबडी घेतली होती. मार्गदर्शिकेने साऱ्या खंडासाठी एकच आकडा दिला आहे. शेडमधली कोंबडी आणि गल्लीत दाणे टिपणारी, वर्षाला जेमतेम साठ-सत्तर अंडी देणारी गावठी कोंबडी, दोघी त्याच मापाने मोजल्या जातात.

खरी गंमत तिसऱ्या गुणकात आहे. २०१९ च्या पशुगणनेत भारतात ८५.१८ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते. त्यांपैकी ३१.७० कोटी परसातले, बाकीचे व्यावसायिक शेडमधले. या सगळ्या काही अंड्यावरच्या कोंबड्या नव्हेत, हे लक्षात असू द्या. शेडमधली विष्ठा गोळा होऊन कोंबडखत म्हणून शेतात जाते. तिचा हिशेब वेगळ्या रकान्यात. मग कुरणाचा रकाना भरायला उरल्या परसातल्या. पण त्या कुरणावर असतात कुठे? दिवसा अंगण, गल्ली, उकिरडा, रात्री डालग्याखाली. सकाळी डालग्याखालचे झाडून पुन्हा उकिरड्यावर!

ब्रिटनमध्ये मात्र खरोखरच गवत आहे. तिथली निम्म्याहून अधिक अंडी मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची असतात. अशा प्रत्येक कोंबडीला बाहेर ४ चौरस मीटर जागा द्यावी लागते. म्हणजे हेक्टरला २५०० कोंबड्या. सगळी विष्ठा बाहेर पडली, तर हेक्टरी सुमारे १५७५ किलो नत्र होईल. युरोपातील १९९१ च्या नायट्रेट निर्देशाने जनावरांच्या खतातील नत्राला घातलेली मर्यादा आहे हेक्टरी १७० किलो! प्रत्यक्षात बरीचशी विष्ठा शेडमध्येच पडते. समजा दहावा हिस्सा बाहेर पडला, तर १५७ किलो. पाचवा हिस्सा पडला, तर ३१५. एवढ्याशा फरकाने मर्यादा ओलांडली जाते. शिवाय कोंबड्या दाराजवळच घोटाळतात. दारापाशी जमीन उघडी पडते आणि लांबचे गवत कोरे राहते, हे सरासरीत दिसतच नाही.

हा नुसता अंकांचा खेळ नव्हे. जमिनीला न पचलेल्या नत्राचे नायट्रेट होते आणि ते पावसाच्या पाण्याबरोबर झिरपून विहिरीत उतरते. आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे; त्याहून जास्त नायट्रेट तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करू शकते. विहिरीला देशाच्या बेरजेशी काही देणेघेणे नसते. तिच्या दृष्टीने प्रश्न एकच, माझ्या आसपासच्या जमिनीवर हेक्टरी किती? म्हणून असा तक्ता हाती आला, की आधी एकक वाचा: देशाला, कोंबडीला की हेक्टरला?

तिसरा गुणक तुम्ही घरी मोजू शकता. संध्याकाळी डालग्याखाली जुने वर्तमानपत्र अंथरा आणि सकाळी त्यावरची विष्ठा वजन करा. मग एक दिवस त्याच कोंबड्या दाणापाण्यासह सावलीत, हवा खेळेल अशा डालग्याखाली ठेवून दिवसाची विष्ठाही तशीच मोजा. दोन्ही वजने ताजी असतानाच घ्या, कारण उन्हात पाणी उडते आणि त्याबरोबर अमोनियाही. चार-पाच दिवसांची सरासरी काढा, आणि प्रत्येक वेळी साबणाने हात धुवा.