माइंड मॅप काढण्याआधी फाइल बघ

अगं, प्रबंधासाठी माइंड मॅपचं सॉफ्टवेअर शोधते आहेस आणि लॅपटॉपवर उबंटू, तर रंगीत स्क्रीनशॉट बघून भुलू नकोस. आधी एवढंच बघ, सेव्ह केलेली फाइल उद्या दुसऱ्या कशात उघडेल का? प्रबंध वर्षानुवर्षं रेंगाळतो, सॉफ्टवेअर तोवर तग धरेलच असं नाही. फ्रीमाइंडचं एके काळी केवढं नाव होतं! ते मागे पडलं, पण त्याच्या '.एमएम' फाइली फ्रीप्लेनमध्ये आजही उघडतात, कारण फ्रीप्लेन त्याच्यातूनच फुटून निघालं. अशी एखादी फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून बघ. आत निव्वळ एक्सएमएल, एका नोडच्या पोटात दुसरा नोड. उद्या काही बंद पडलं तरी तुझा मजकूर तुझ्या हाताशी राहील.

म्हणून माझं मत फ्रीप्लेनला. रूप जुनाट आहे, जावावर चालतं, उघडायला जरा वेळ घेतं, ते सोसायचं. पहिल्याच दिवशी एक खोड मोडून टाक. माउस नुसता नोडवरून गेला की तो आपोआप निवडला जातो आणि माणूस वैतागतो. टूल्समधल्या प्रेफरन्सेसमध्ये जा, बिहेवियरखाली सिलेक्शन मेथड सापडेल, ती 'बाय क्लिक' कर. मग माउस विसर. टॅब दाबलास की पोटशाखा, एंटर दाबलास की शेजारची शाखा, स्पेसबारने फांदी मिटते-उघडते. प्रबंधाचा पसारा वाढला की या मिटण्याचीच खरी किंमत कळते. जोडीला फिल्टर आहे: 'तपासायचं' असं लिहिलेले नोडच तेवढे समोर ठेवता येतात.

एक्समाइंड देखणं आहे, नाकारत नाही. त्याची फाइल म्हणजे खरं तर झिप, आजच्या आवृत्त्यांत आत जेसनमध्ये मजकूर असतो. पण सॉफ्टवेअर मालकीचं, आणि काही सोयी पैसे मोजल्यावरच. सेमिनारला दाखवायला हवं तर वापर, साठवणीला नको. माइंडर हलकं, नीटस, फ्लॅटहबवरून घे. एखाद्या व्याख्यानाचं टिपण, लेखाचा आराखडा, एवढ्याला मला ते फ्रीप्लेनपेक्षाही आवडतं. व्हीवायएम भरवशाचं आहे, पण त्याची सवय लावून घेण्याइतका वेळ तुझ्याकडे नाही.

मराठीची परीक्षा मात्र पहिल्याच दिवशी घे. नोडमध्ये 'वाङ्मय', 'दऱ्याखोऱ्या', 'प्रश्नपत्रिका' लिही आणि पीडीएफ काढ. जोडाक्षर फुटलं, चौकोन दिसले, तर आधी फॉन्ट बदलून नोटो किंवा लोहित लाव. पडद्यावर ठीक आणि पीडीएफमध्ये बिघडलेलं, असंही होतं, तेव्हा दोन्ही बघ. त्याच पीडीएफमधून एखादा शब्द कॉपी करून एडिटरमध्ये चिकटव. तिथे नीट आला तर पुढे शोधाशोध करता येईल.

आणि तुझे मार्गदर्शक विंडोजवाले. फ्रीप्लेन तिथेही चालतं, पण ते सर कशाला इन्स्टॉल करतील? त्यांना पीडीएफच पाठव, आणि पाठवण्याआधी नको त्या फांद्या मिटव, नाहीतर अक्षरं मुंगीएवढी होतात.